परसातून पातेल्यात : उन्हाळी पिकाविषयी वाचकांचे प्रश्न

परसात, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर लावलेल्या वेलांचं पीक एप्रिल-मेमध्ये एकदमच हाती येतं आणि सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही तोच होतो. या वेळी निवडलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी भाजीतलं पाणी आहे. काकडी, दुधी, टोमॅटो यांच्या वजनात शंभरातले ९४ ते ९६ भाग पाणी असतं. ते कधी काढायचं, कधी जपायचं आणि कधी आटवायचं, यावर पदार्थ जमणं न जमणं ठरतं. प्रमाणं शक्य तिथे ग्रॅममध्ये दिली आहेत, कारण घरच्या काकडीला बाजारातल्या काकडीसारखा ठरलेला आकार नसतो. छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

प्रश्न : वेलीवर पानांआड राहिलेल्या काकड्या जून होऊन पिवळ्या पडल्या आहेत. त्यांचं धोंडस (काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचा भाजलेला गोड पदार्थ) ओव्हनमध्ये केलं. एकदा कापतानाच भुगा झाला, दुसऱ्यांदा मध्ये चिकट राहिलं. नेमकं प्रमाण आणि कृती द्यावी. (चिपळूण)

धोंडसाला जून काकडीच हवी. कोवळीला ना वास असतो, ना कीस शिजवल्यावर टिकतो. काकडी सोला, उभी चिरून मधला बियांचा भाग चमच्याने काढा आणि घट्ट गर किसा. बियांचा भाग टाकू नका. तो गाळणीवर दाबला की निघणारा रस किसात मिसळा. रसासकट कीस ५०० ग्रॅम भरला पाहिजे. हा कीस पिळायचा नाही. भुगा होण्याचं सर्वांत मोठं कारण पिळलेला कीस हेच असतं. तांदळाच्या रव्याला फुलायला जे पाणी लागतं ते काकडीचंच, वरून दुसरं पाणी आपण घालत नाही.

बाकीचं साहित्य : तांदळाचा जाडसर रवा २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १७५ ग्रॅम, ओलं खोबरं ७५ ग्रॅम, तूप ३ मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, चिमूटभर हळद, वेलची किंवा जायफळ, मूठभर काजूतुकडे.

एक चमचा तुपावर रवा मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजा. तो हलका लागायला हवा आणि वास सुटायला हवा, रंग मात्र बदलू देऊ नका. जाड बुडाच्या पातेल्यात कीस, गूळ, मीठ, हळद एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत तापवा. उकळी फुटली की रवा भुरभुरवत घाला आणि झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं शिजू द्या. आता रव्याचा एक दाणा बोटांत चिरडून पाहा. मध्ये कच टोचली तर आणखी दोन-तीन मिनिटं द्या आणि मिश्रण फारच कोरडं वाटलं तर दोन-तीन चमचे नारळाचं दूध घाला. ओव्हनमध्ये कच जाईल या भरवशावर पुढे जाऊ नका. तिथे पाणी उडतच असतं, दाणा आणखी कडक होतो. मग खोबरं, काजू, वेलची आणि एक चमचा तूप मिसळा.

२० सेंटिमीटरच्या भांड्याला उरलेलं तूप लावा, मिळालं तर हळदीचं किंवा केळीचं पान तळाला घाला, मिश्रण दाबून सारखं करा. १८० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये वरची-खालची दोन्ही दांडकी चालू ठेवून ४५ ते ५० मिनिटं भाजा. कडा सुटल्या पाहिजेत आणि वरून तपकिरी रंग आला पाहिजे. रंग कमी वाटला तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरचं दांडकं ठेवा.

दुसऱ्या खेपेचा चिकटपणा बहुधा घाईचा आहे. गरम असताना गूळ पातळ असतो आणि तांदळाचं पीठ सैल. गार होताना दोन्ही आवळतात. किमान तीन तास, जमलं तर रात्रभर ठेवून मगच कापा. तरीही चिकट राहिलं तर रवा बारीक होता (पिठी चालत नाही) किंवा गूळ जास्त झाला. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर भांडं ठेवून, झाकून, मंद आचेवर ३५-४० मिनिटं ठेवा. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, त्याची खमंग पापुद्र्याची बाजू या पद्धतीने येत नाही. ती हवी असेल तर गार झालेल्या वड्या तुपावर तव्यात परतून घ्या.

प्रश्न : घरचा दुधी आणि काकड्या यंदा कडू निघतात. टोक कापून घासलं की कडवटपणा जातो का? शेजारी कारल्याचा वेल आहे, त्यामुळे असं होतं का? (सोलापूर)

कारल्याचा काही दोष नाही. कारलं वेगळ्या प्रजातीतलं आहे, त्याचा दुधीशी किंवा काकडीशी संकर होत नाही. कडवटपणा येतो तो कुकुरबिटासिन या द्रव्यांमुळे. वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं की त्यांचं प्रमाण वाढतं. तुमच्याकडच्या मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं तरी एवढं होऊ शकतं. मुळाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा आणि पाणी रोज, ठरल्या वेळी द्या. दुसरं कारण घरी धरलेलं बी. जवळपास रानटी कडू भोपळ्याचा वेल असेल तर त्याचा परागकण लागलेल्या फळातल्या बियांपासून पुढच्या वर्षी येणारे दुधी कडू निघू शकतात.

काकडीत ही द्रव्यं देठाकडे आणि सालीखाली जास्त असतात. किंचित कडवट काकडीचा देठाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग कापला आणि साल जाड काढली तर उरलेली बहुधा चालते. फायदा कापल्याचा असतो, घासल्याचा नाही.

दुधीला मात्र हा नियम लावू नका. दुधीचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा आणि कडू लागला तर थुंकून तो पूर्ण दुधी टाकून द्या. शिजवून, मीठ लावून, पिळून हे द्रव्य जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन तीव्र उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणं असे प्रकार झाले आहेत, मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. असा रस पोटात गेल्यावर त्रास सुरू झाला तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : दारच्या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं दोन महिन्यांत मऊ पडतं आणि वर पांढरी साय येते. (नाशिक)

मऊ पडण्याचं कारण बहुधा कैरीतच आहे. घरच्या झाडाची कैरी आपण उतरवतो आणि सवडीने चिरतो. तेवढ्या दोन-तीन दिवसांत ती आतून पिवळी होऊ लागते. चिरल्यावर गर पांढरट-हिरवा दिसला तरच ती लोणच्याची. पिवळी झाक आलेल्या कैऱ्यांचा साखरांबा करा. उतरवल्या दिवशीच धुवा, पुसा आणि बाठ्यासकट फोडा. बाठ्याचा कडक भाग चिकटलेली फोड जास्त काळ घट्ट राहते.

१ किलो फोडींना १७५ ग्रॅम मीठ आणि २ छोटे चमचे हळद चोळून रात्रभर ठेवा. सकाळी फोडी निथळून सुती कापडावर सावलीत, पंख्याखाली दोन-तीन तास सुकवा. सुटलेला खार बाजूला ठेवा. मोहरीची डाळ १०० ग्रॅम, लाल तिखट ७५ ग्रॅम, तेलात तळून कुटलेली मेथी १५ ग्रॅम, हिंग १० ग्रॅम. २०० मिली तेल धूर येईपर्यंत तापवून उतरवा. ते कोमट झालं की हिंग आणि मेथी, पूर्ण गार झालं की मोहरीची डाळ आणि तिखट घाला. गरम तेलात मोहरीची डाळ पडली तर लोणचं कडवट होतं. फोडी आणि खार मिसळून बरणीत दाबून भरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी १०० मिली तापवून गार केलेलं तेल वर ओता. फोडींवर बोटाच्या एका पेराइतकं तेल दिसलं पाहिजे.

पांढरी साय ही हवेच्या संपर्कात वाढणारी यीस्ट असते. ती येते म्हणजे वर तेल कमी आहे किंवा मीठ कमी पडलं आहे. हल्ली तब्येतीसाठी लोणच्यात मीठ आणि तेल निम्मं करण्याकडे कल आहे. तसं करायचं तर करा, पण ते लोणचं फ्रिजमध्येच ठेवा आणि महिन्याभरात संपवा. बाहेर वर्षभर टिकवायचं असेल तर प्रमाणात कपात नको. साय पातळ असेल, वास चांगला आणि फोडी घट्ट असतील तर वरचा थर काढून, तेल घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवा. हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली, फोडी बुळबुळीत झाल्या तर सगळी बरणी टाका.

प्रश्न : पन्ह्याचा गर किती दिवस टिकतो? गूळ किती घालावा? (फोंडा)

कैरी उकडून काढलेल्या १ वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा छोटा चमचा मीठ, वेलची. गर गरम असतानाच गूळ घाला, म्हणजे वेगळा पाक करावा लागत नाही. फ्रिजमध्ये कोरड्या बाटलीत दोन आठवडे, बर्फाच्या साच्यात गोठवला तर पुढचा आंबा येईपर्यंत. पन्हं आंबट-गोड लागायला हवं, म्हणून गूळ दीड वाटीपासून सुरू करा आणि चव घेऊन वाढवा.

प्रश्न : झाडाच्या आंब्यांच्या रसाचा बिनअंड्याचा केक फुगतो, पण ओव्हनमध्येच मध्ये खाली बसतो. (पुणे)

रायवळ किंवा पायरीचा रस हापूसपेक्षा पातळ असतो, आणि हापूससाठी लिहिलेल्या कृतीत तोच रस तेवढाच घातला की पीठ सैल होतं. फुगलेल्या केकला धरून ठेवण्याइतकं बळ त्यात उरत नाही. उपाय सोपा आहे. ३५० ग्रॅम रस पसरट कढईत मंद आचेवर ढवळत २५० ग्रॅम होईपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा. हापूसचा घट्ट रस असेल तर आटवू नका.

मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ हे दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात रस २५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम (रस फार गोड असेल तर १००), दही ५० ग्रॅम, बिनवासाचं तेल ८० मिली साखर विरघळेपर्यंत फेटा. कोरडं त्यात घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. त्याहून जास्त घोटलं तर केक चिवट होतो. लगेच १८ सेंटिमीटरच्या कागद लावलेल्या भांड्यात ओता आणि १८० अंशांवर मधल्या कप्प्यात ४० ते ४५ मिनिटं भाजा. मिश्रण ओट्यावर ठेवून ओव्हन तापायची वाट पाहू नका. आंबा आणि दही दोन्ही आंबट, त्यामुळे सोड्याचे बुडबुडे ओलं-कोरडं एकत्र होताक्षणी सुटू लागतात आणि दहा मिनिटांत बरेचसे विरून जातात.

केक फुगावा म्हणून सोडा वाढवण्याचा मोह आवरा. जास्त सोड्याने केक झपाट्याने वर चढतो आणि भिंती पक्क्या होण्याआधीच फुटून बसतो. वर रंग काळपट होतो आणि साबणाची चव लागते. पहिली ३० मिनिटं ओव्हनचं दार उघडू नका. आणि सगळं नीट करूनही केक बसत असेल तर ओव्हनचं तापमान तपासा. छोट्या घरगुती ओव्हनची चकती १८० दाखवते तेव्हा आत १५-२० अंशांचा फरक असणं नेहमीचं आहे. आत ठेवायचा स्वस्त तापमापक मिळतो, तो घेतल्यावर अर्ध्या तक्रारी मिटतात.

प्रश्न : टोमॅटो इतके आले की प्युरी करून बाटल्यांत भरली. तीन आठवड्यांनी दोन झाकणं फुगली. वरचा भाग काढून उरलेली वापरावी का? (लातूर)

नाही. चाखूनही पाहू नका. बाटल्या न उघडता पिशवीत बांधून टाकून द्या. फुगलेलं झाकण म्हणजे आत जिवाणू वाढून वायू तयार झाला आहे. बंद, हवाविरहित बाटलीत बोटुलिझमचे (गंभीर अन्नविषबाधेचे) जिवाणू विष तयार करू शकतात आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. ४.६ पेक्षा कमी पीएचच्या (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) आंबट पदार्थात ते वाढत नाहीत, पण टोमॅटोचा पीएच साधारण ४.३ ते ४.९ मध्ये असतो. म्हणजे पिकलेला, गोडसर जातीचा टोमॅटो या रेषेच्या पलीकडेही असू शकतो. गरम प्युरी भरून झाकण घट्ट लावणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे.

घरी फ्रीझरचाच मार्ग धरा. टोमॅटोच्या तळाला चीर देऊन उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट घाला, साल काढा, वाटा, गाळा आणि पसरट भांड्यात निम्मं होईपर्यंत आटवा. मीठ घालू नका, वापरताना घालता येतं. २००-२०० ग्रॅमच्या पिशव्या चपट्या करून गोठवा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लागेल तेवढा तुकडा तोडता येतो. सहा महिने रंग-चव चांगली राहते.

सुकवायचे असतील तर घट्ट गराचे, लांबट टोमॅटो घ्या. अर्धे करून, मीठ भुरभुरवून, ओव्हनमध्ये १०० अंशांवर कापलेली बाजू वर ठेवून चार-पाच तास. १ किलोचे जेमतेम ७० ते १०० ग्रॅम उरतात, म्हणून उन्हात वाळवण्याची सोय असेल तर वीज जाळू नका. तेलात लसूण आणि हे टोमॅटो बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याची पद्धत अलीकडे दिसते, ती टाळा. धोका वर सांगितला तोच. कोरडेच डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये झुकिनी संपता संपत नाही. थालीपीठ करते, पण तव्यावर टाकताना फाटतं. आणि थंडी पडायला लागली की हिरवे टोमॅटो उरतात, त्यांचं काय करावं? (न्यू जर्सी)

झुकिनी आपल्या दुधीसारखीच वागते. मीठ लागलं की पाणी सोडत राहते. मळलेला गोळा दहा मिनिटं ठेवलात तर तो सैल होणारच. म्हणून पाणी आधीच काढून घ्या. ३०० ग्रॅम किसाला १ छोटा चमचा मीठ लावून १५ मिनिटांनी घट्ट पिळा. पाणी वाटीत धरा. कीस २०० ग्रॅम भाजणीत मिसळा, तिखट, ओवा, तीळ, कोथिंबीर घाला आणि पिळलेलं पाणी गरम करून लागेल तसं वापरत मळा. वेगळं मीठ नको. भाजणीत गव्हाचा चिवटपणा नसतो, पीठ धरून ठेवतो तो त्यातला स्टार्च, आणि गरम पाण्याने तो लवकर चिकटपणा धरतो. ओल्या कापडावर ५ मिलिमीटर जाडीचं थापा. पातळ थापण्याचा अट्टहासही फाटण्याचं कारण असतो. मध्ये भोकं पाडून तेल सोडा, झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं, मग उलटा. हातभर वाढलेल्या झुकिनीचा बियांचा भाग काढून टाका. वर दिलेलं धोंडस झुकिनीचंही होतं. कडू लागली तर मात्र तिलाही टाका.

हिरव्या टोमॅटोंची चटणी करा. ५०० ग्रॅम टोमॅटोचे तुकडे, ६-८ हिरव्या मिरच्या, ८ लसूणपाकळ्या २ मोठे चमचे तेलात पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. भाजलेले तीळ आणि भाजलेले शेंगदाणे प्रत्येकी ५० ग्रॅम, मीठ, सुपारीएवढा गूळ घालून जाडसर वाटा, वर हिंग-मोहरीची फोडणी. टोमॅटोत पाणी राहिलं तर चटणी दुसऱ्या दिवशी आंबूस लागते.

प्रश्न : लाल भोपळ्याचे घारगे तेल पितात, काही तळताना विरघळतात. (अलिबाग)

दोन्हीचं कारण जास्त गूळ आणि सैल पीठ. ३०० ग्रॅम भोपळ्याचा कीस झाकण न ठेवता परतून पाणी उडवा, मग १२५ ग्रॅम गूळ घालून विरघळला की लगेच उतरवा. मिश्रण कोमट झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक घ्या (साधारण २५० ग्रॅम), ५० ग्रॅम तांदळाची पिठी, २ चमचे मोहन. पाण्याचा थेंबही नको. पुरीपेक्षा घट्ट गोळा हवा आणि तो लगेच थापायचा, कारण गुळामुळे तो बसल्या बसल्या सैलावतो. तेल मध्यम तापलेलं ठेवा. पिठाची गोळी टाकली की सावकाश वर आली पाहिजे. तेल थंड असेल तर घारगे ते शोषतात, फार तापलं तर गूळ आधी काळा पडतो आणि आत कच्चं राहतं.

प्रश्न : सांडगी मिरची वरून छान वाळते, पण फोडल्यावर आत काळी निघते. (कोल्हापूर)

आत ओल अडकून बुरशी धरते. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या होईपर्यंत चीर देऊ नका. चीर एकाच बाजूने, देठापासून टोकापर्यंत द्या, नाहीतर टोकाशी ओल साचते. ५०० ग्रॅम जाड, कमी तिखट मिरच्यांना धणे १०० ग्रॅम, मेथी १ मोठा चमचा, हिंग, हळद आणि ५० ग्रॅम मीठ यांची भरड. दही घालत असाल तर रात्रभर टांगून ठेवलेला चक्का घ्या, पातळ दही नको. कमी भरा, म्हणजे चीर उघडी राहून आत ऊन लागतं. पहिले दोन दिवस चीर वर करून ठेवा, संध्याकाळी घरात आणा आणि परातीत पसरूनच ठेवा. गरम मिरच्या रात्री डब्यात झाकल्या की आत वाफ धरते, काळेपणा बहुतेक तिथूनच सुरू होतो. चार ते सहा दिवसांच्या कडक उन्हात मिरची हलवली की खुळखुळ वाजते. तशी वाजेपर्यंत डबा भरू नका, आणि मध्ये वळवाचा पाऊस आला तर ओव्हनमध्ये ६०-७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वाळवण पुरं करा.